रिकामा रकाना

क्लेमेंटी उपनगरातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये उर्मिला दुर्बिणीने टिपलेले फोटो ताऱ्यांच्या यादीशी ताडून बघत होती. घरी नुसतं बसवत नव्हतं. अंधुक ताऱ्यांना नाव नसतं, आकाशातल्या जागेवरून नुसता क्रमांक मिळतो.

तिच्या मुलीलाही अजून नाव नव्हतं. दोन महिने आधीच जन्मलेली ती पोर हॉस्पिटलात काचेच्या पेटीत, नळीवर श्वास घेत होती. बारसं लांबलेलं. त्याआधी नाव तोंडातून काढायचं नाही, म्हणून उर्मिलाने मनात धरलेलं नाव नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

एका फोटोत यादीबाहेरचा तारा दिसला. तिने मागचे सगळे फोटो उघडले. पोरीच्या जन्माआधी तो कुठेच नव्हता. नंतर मात्र रोज कणभर उजळत गेला होता.

तिने क्रमांक टाकला आणि नावाचा रकाना रिकामा ठेवला. चहा घेऊन परत आली तर रकान्यात ‘रेवा’ होतं, तिने मनात धरलेलं तेच नाव. तिने ते खोडलं. ते पुन्हा उमटलं.

फोन वाजला. हॉस्पिटलातून तिचा नवरा धैर्यशील बोलत होता.

“उर्मी, नळी काढली. आपली आपण श्वास घेतेय.” मग त्याने विचारलं, “आणि नाव नर्सला कधी सांगितलंस? ती रेवा म्हणते, आणि ही डोळे उघडते.”