घुबडं तिच्याकडे, पोपट त्याच्याकडे

निवृत्तीनंतर दोघं परदेशात जखमी पक्ष्यांची सेवा करायला गेली. बोलघेवड्या बायकोची ड्युटी घुबडांकडे लागली. घुबडं बरी झाली की जंगलात सोडायची, म्हणून त्यांच्या कानावर माणसाचा शब्दही पडू द्यायचा नाही. घुम्या नवऱ्याच्या वाट्याला माणसाळलेले पोपट आले. त्यांच्याशी मात्र सतत बोलायचं.

सुट्टीच्या दिवशी तिने आठवडाभर तुंबलेलं सगळं एका म्हाताऱ्या पोपटापुढे ओतलं. तो दर वाक्याला मान डोलवत, थेट नवऱ्याच्या आवाजात त्याचंच घरातलं नेहमीचं वाक्य म्हणत राहिला, "हं. बरोबर आहे तुझं."

ती हळूच मागे नवऱ्याकडे वळली. "अहो, म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझं काहीच ऐकत नव्हता?"



पोपटांचं पाणी बदलता बदलता नवरा म्हणाला, "हं. बरोबर आहे तुझं."