बिनकरंटाची पट्टी

जन्मजात दुखण्यानं फुगलेल्या दामिनीला पोट भरल्याचं कधी कळतच नसे. चुलीवरचा भात, वाळत्या मासोळ्या, गायीपुढचा कोंडा, काहीच सुटायचं नाही. म्हणून तिची आई रुखमाबाई खाण्याचं सारं बारा वर्षं कुलपात ठेवत आली होती, किल्ली मंगळसूत्रात ओवून. गडचिरोलीत एका डॉक्टरांनी अशा पोरांची भूक आवरायला कपाळावर ओली पट्टी बांधून मेंदूला हलका करंट देण्याचा प्रयोग आरंभला, तेव्हा मायलेकी तिथे दहा दिवस राहिल्या. अन् नवल झालं! पोर ताटातला भात संपला की आपणहून हात धुवू लागली. रुखमाबाई पहिल्यांदा बिनघोर झोपली. निघताना डॉक्टर अवघडून म्हणाले, “बाई, ताडून बघायला आम्ही निम्म्या पोरांच्या पट्टीत करंट सोडलाच नव्हता. तुमची दामिनी त्यातलीच.” रुखमाबाईनं गळ्यातली किल्ली चाचपली. “मंग बिनकरंटाचीच पट्टी द्या न, साहेब. नाईतरी आमच्या गावात लाईन रायतेच कुठी?”