तीन हजार आणि पंचवीस

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या त्या हॉलच्या दारातच अवधूतची वरात अडली.

"फक्त या वॉर्डातले पार्टी मेंबर, तेही सहा महिने जुने," पार्टीच्या सेक्रेटरी बाईंनी गोड हसून सांगितलं. "बाकीच्यांनी कार पार्कमध्ये थांबा, प्लीज."

"अहो, पण आम्ही सगळ्यांनी जॉईन केलंय!" अवधूत तावातावाने म्हणाला. पुण्याहून आलेला हा सॉफ्टवेअरवाला उमेदवारी मागणाऱ्या मीनलसाठी फेसबुकवर तीन हजार जणांचा ग्रुप चालवत होता.

"ग्रुप जॉईन केलायस रे बाबा. पार्टी नाही," मीनल म्हणाली.

तीन हजारांतले निम्मे पुण्या-नागपुरात. उरलेले एजवेअर ते केंब्रिज पांगलेले. कौन्सिलच्या उमेदवारीचा निकाल लावणार होते आतले लोक, म्हणजे दोघे उमेदवार धरून पंचवीस डोकी! आणि या वॉर्डात पार्टी कधी हरत नसे. आज निवड झाली की मीनल कौन्सिलर झालीच म्हणायची. गेली दोन वर्षं तिने दुसरं कसलं स्वप्न पाहिलं नव्हतं.

तिच्या विरोधात उभे होते शशिधरकाका. तीस वर्षं पार्टीची पत्रकं दारोदार टाकलेला माणूस. ईमेलशी सोयरसुतक नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत शेवटच्या पंगतीला बसायचे, आणि कुठल्याही दारात "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत अख्खं गाव पुढे सोडायचे.

मीनल वाकून पाया पडली.

"यशस्वी हो," काका म्हणाले आणि जीभ चावली. "अरेच्चा! आज असं म्हणून कसं चालेल?"

दोघेही हसले.

भाषणं झाली. काकांनी बंद पडू घातलेल्या बसबद्दल सांगितलं, मीनलने लायब्ररीबद्दल. टाळ्या दोघांनाही सारख्याच.

"भाषण छान झाला तुमचा, काका."

"छान झालं, तुमचं," इथेच जन्मलेल्या पोरीचं मराठी काकांनी सवयीने दुरुस्त केलं.

मग चिठ्ठ्या वाटल्या. मीनलने क्षणाचाही विचार न करता स्वतःच्या नावापुढे मताची ठसठशीत फुली मारली. पलीकडे काका पेन्सिल धरून जरा रेंगाळले, मग त्यांनीही चिठ्ठीची घडी केली.

सेक्रेटरी बाईंनी दोनदा मोजलं.

"शशिधर, बारा. मीनल, तेरा."

बाहेर एकच जल्लोष उसळला! पेढ्यांचे बॉक्स उघडले. कुणीतरी गाडीच्या बॉनेटवरच ताल धरला. अवधूत तर हवेतच होता.

"बघितलंस? याला म्हणतात इंटरनेटची पॉवर!"

मीनल हसत होती, रडत होती, फोनवर आईला ओरडून सांगत होती. जग जिंकल्यासारखं वाटत होतं तिला.

सगळ्यांचं वाटून झाल्यावर शशिधरकाका आले. बॉक्समधला उरलेला शेवटचा पेढा त्यांनी उचलला आणि अर्धा मोडून तिच्या तोंडात घातला.

"शाब्बास पोरी! मनापासून आनंद झाला बघ." ते जरा जवळ सरकले. "मघाशी चिठ्ठी हातात आली आणि मलाच लाज वाटली. स्वतःच्याच नावापुढे फुली मारायची म्हणजे हावरटपणा की गं! आपल्यात कोण करतं असं? देऊन टाकलं तुलाच मत."

मीनलच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला.

काकांनी तिच्या गालावर हलकेच चापट मारली. "तूही मलाच दिलं असशील म्हणा. फिट्टंफाट!"