अडेलीनचं मत

"आज मदतनीस पाठवतील, उद्या भांडी घासायलाही माणूस पाठवतील!" एव्हरेट थिबो खुर्चीतून उठून म्हणाला. "आपलं माणूस आपण सांभाळायचं. सरकारनं कशाला नाक खुपसायचं?"

"भांडी घासणारा आधी माझ्याकडे पाठवा हो!" मागून गोठेवाली जोसी ओरडली. सगळं सभागृह हसलं.

व्हर्माँटमधल्या त्या गावाची मार्चमधली सभा होती. घरात आजारी, म्हातारं माणूस असेल तिथे गावाच्या करातून मदतनीस पाठवायची का, यावर सकाळपासून वाद पेटला होता. एव्हरेटचा विरोध मात्र कुणालाच उमगत नव्हता. खरी गरज तर त्यालाच होती. बायकोला घरी एकटं सोडता येत नाही म्हणून तो तिला सभेला घेऊन आला होता. अडेलीनची स्मृती गेली होती. हिवाळाभर ती कुणाशी बोलली नव्हती. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, केस विंचरणं, सगळं एव्हरेटच करायचा. परक्या बाईनं तिला हात लावावा, हे त्याला सोसत नव्हतं.

सभेची अध्यक्षबाई कॉन्स्टन्स शाळेत त्याच्याच वर्गात होती; तो तिला कॉनी म्हणायचा. तिनं आधी विरोधातले हात मोजले. एव्हरेटचा हात सगळ्यांत उंच होता.

"आता बाजूनं असलेल्यांनी हात वर करा."

हात वर गेले. त्यांत अडेलीनचाही होता.

एव्हरेटनं तो हळूच खाली घेतला. अडेलीननं पुन्हा वर केला.

कॉन्स्टन्स बाकीचे हात मोजून त्या हातापाशी थांबली. "एव्हरेट, मतं समसमान झालीत. हा हात मोजला तर ठराव मंजूर होतो. मतदार आहे ती. पण तिला कळतंय का, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? तूच सांग, मोजू?"

सगळं सभागृह एव्हरेटकडे वळलं.

एव्हरेट बायकोकडे पाहत राहिला. ती हनुवटी उचलून थेट त्याच्याकडे बघत होती. हात काही खाली येत नव्हता. एव्हरेटचे डोळे भरून आले आणि त्याला हसूही फुटलं.

"मोज, कॉनी," तो म्हणाला. "लग्न झाल्यापासून प्रत्येक सभेत ही माझ्या उलटच मत देत आलीय. मला वाटलं होतं, मला सोडून गेली ही."