डिकीतला राखणदार

बोंग मालसुनने पर्समधून कान साफ करायची काडी काढली, गाडीच्या एसीच्या जाळीत फिरवली आणि गी-हुनच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"कापूस आहे, आई."

"कापूस मलाही दिसतोय. त्यावर काय आहे?"

त्यावर काहीच नव्हतं. ती जाळी गी-हुनने ब्रशने, मग वाफेने आणि मग पुन्हा ब्रशने साफ केली होती. पण म्हातारीशी वाद घालायची ताकद आता गाड्या साफ करायच्या त्या दुकानात कुणात उरली नव्हती. कोरियातल्या वोन्जू शहरातल्या निम्म्या गाड्या त्यांनी नव्यासारख्या करून दिल्या होत्या, पण असं गिऱ्हाईक कधी भेटलं नव्हतं. तिने दारांच्या रबरात बोट घालून पाहिलं होतं, सीट हुंगल्या होत्या, गाडी दोनदा परत धुवायला लावली होती. गाडी विकायची होती. दलाल दुपारी न्यायला येणार होता, आणि हिला अजून डाग सापडत होते.

"पुन्हा करतो, आई."

"आणि हे आई आई काय लावलंयस? मला आई म्हणणारा गेला."

गी-हुनने ब्रश पुन्हा हातात घेतला. आई म्हणणारा, तिचा मुलगा ग्यू-चॉल, याच गाडीत गेला होता. लाल सिग्नलला त्याने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर मान टाकली. हृदय बंद पडलं. गाडीला साधा ओरखडाही आला नाही.

"ऐकलं असतं माझं, तर आज इथे बसला असता," म्हातारी ड्रायव्हरच्या सीटकडे न बघता म्हणाली. "गाडी घेतली तेव्हा मी माझ्या हातांनी मासा बांधून दिला होता. वर्तमानपत्रात गुंडाळून. तर हसला मला. म्हणे, आई, हिच्यात सहा एअरबॅग आहेत, तुझा मासा काय करणार? फेकला असेल त्याच दिवशी. मग काय होणार दुसरं?"

नवी गाडी दारात आली की मोठी माणसं तिच्या चाकांवर थोडी तांदळाची दारू ओततात आणि दोरा गुंडाळलेला सुका मासा गाडीत ठेवायला देतात. मासा मेला तरी डोळे मिटत नाही, म्हणून राखणीचं काम त्याच्याकडे. तरुण पोरं हसतात, वासाच्या नावाने नाकं मुरडतात आणि गुपचूप फेकूनही देतात.

गी-हुन आतल्या खोलीत गेला. त्याची बायको छे-ओक फडकी पिळत होती. तिच्या टेबलाखाली टॉवेलची एक गुंडाळी होती. सकाळी डिकी साफ करताना गी-हुनने स्टेपनी उचलली, तेव्हा खालच्या खळग्यात ती सापडली होती. गाडीतला मासा दिसला तर तो जिथला तिथे परत ठेवायचा, हा दुकानाचा नियम. हा मात्र छे-ओकने लपवायला लावला होता.

"देऊन टाकू का गं?"

"डोकं फिरलंय का तुमचं? पोराने मासा फेकला म्हणून पोर गेलं, एवढ्या एका गोष्टीच्या आधाराने ती उभी आहे. मासा गाडीतच होता हे कळल्यावर राग कुणावर काढेल?"

"पण तो बिचारा मेल्यावरही शिव्या खातोय."

"मेलेल्याला ऐकू येत नाही. हिला अजून जगायचंय."

बायकोचं खोटं नव्हतं. गी-हुन कोरडं फडकं घेऊन बाहेर आला आणि पुन्हा एसीची जाळी पुसायला लागला. म्हातारी शेजारी उभी होती. बराच वेळ तिने एकही चूक काढली नाही, तेव्हा त्याने मान वर केली.

"त्याचा फोटो मी भिंतीकडे तोंड करून ठेवलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "दिसला की तोंडात शिव्याच येतात. गेलेल्या पोराला कोणती आई शिव्या देते? पण येतात. काय करू मी?"

गी-हुनचा हात जाळीवरच थांबला. तो उठला, छे-ओककडे न बघता ती गुंडाळी घेऊन आला आणि बॉनेटवर ठेवली.

"स्टेपनीखाली होती. त्यानेच ठेवलेली."

टॉवेलवर निळ्या अक्षरांत छापलं होतं, 'बोंग मालसुन यांची सत्तरी'. तिच्या वाढदिवसाला आलेल्या सगळ्यांना वाटले होते ते टॉवेल. तिने आपलं नाव वाचलं. मग एकेक घडी उघडली. आत सुका मासा होता, तोंड वासलेला, अंगाभोवती रजई शिवायचा जाड दोरा.

"रेशमी दोरा संपला होता त्या दिवशी," ती म्हणाली. "गाठ माझीच आहे."

सवयीने तिने माशाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून पाहिलं. धूळ नव्हती.

"ठेवला होता गं बाई पोराने. जपून ठेवला होता."

छे-ओक दारात येऊन उभी होती. तिच्या हातातल्या फडक्यातून पाणी गळत होतं. गी-हुनने खुर्ची पुढे सरकवली, पण म्हातारी बसली नाही. तिने मासा दोन्ही हातांनी उचलला, त्याचं तोंड आपल्या तोंडासमोर आणलं, आणि सकाळपासून ज्या आवाजात तिने सगळ्या दुकानाला धारेवर धरलं होतं, त्याच आवाजात त्याला विचारलं,

"डोळे उघडे होते ना रे तुझे? मग बघत काय बसलास?"