माळावरचे सापळे

मी माळरानातल्या उंदरांचा अभ्यास करते. आई गेल्यानंतर बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे दोन दिवस राहायला आले. निघायच्या दिवशी सकाळी तेही माझ्याबरोबर सापळे बघायला निघाले.

तिसऱ्या सापळ्यात कापसाच्या उबेत एक चिमुकला जीव बसला होता. मी अलगद पिशवीत घालून वजन केलं.

"अकरा ग्रॅम. मादी आहे, पिल्लांना पाजतेय. इथेच कुठेतरी गवत विणून चेंडूएवढं घरटं केलं असेल."

"आणि नर?"

"तो घरट्यात राहत नाही, बाबा. एकटाच हिंडतो."

"किती वर्षं?"

"वर्षं कसली! जेमतेम एक वर्ष जगतात हे."

"एकच? सुटला म्हणायचा," बाबा हसत म्हणाले.

मला हसू आलं नाही. मी मादीला सोडलं, तशी ती क्षणात गवतात दिसेनाशी झाली. बाबांनी घड्याळ बघितलं.

"चल, गाडीची वेळ झाली."

"अजून चाळीस सापळे आहेत, बाबा. माझ्या एकटीनं उरकायचे नाहीत. तुम्ही नोंदी लिहा ना."

बाबांनी वही घेतली, चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "उद्याही बघावे लागतात का गं?"