चढावरची गाडी

सावली गावच्या चढावर रुखमाबाई अन् इंदिराबाई शेजारी राहायच्या. दोघींची पोरं ट्रकवर ड्रायव्हर, मुक्काम दूर घुग्घुस गावात. दारावरूनच जायची, पण भरली गाडी चढावर थांबवता येत नसे. इंदिराबाईच्या सूरजचा ट्रक खाजगी मालकाचा. खालूनच वेग घेऊन भुर्रकन निघून जायचा. रुखमाबाईच्या आदेशचा ट्रक कंपनीचा. कंपनीनं त्याला वेग बांधणारं मशीन बसवलेलं, त्यामुळे चढावर तो कण्हत, रांगत यायचा. रुखमाबाईचा नुसता जळफळाट.

"माह्या सूरजची गाडी म्हणजे हवा हाये, हवा!" इंदिराबाई मुद्दाम ऐकवायची.

आजही सूरज आधी गेला. मागून आदेश रांगत आला. रुखमाबाई ट्रकच्या बाजूनं चालत ओरडली, "मेल्या, बैलबंडी गेली असती तुह्या पुढं! अन् ते केस काप, अस्वल दिसून राह्यला!"

"मशीन कंपनीचं हाये, माय, मी काय करू?" खिडकीतून आदेश हसला. "जेवली का?"

"जेवली. तू वाळून चालला. रात्री दूध पेत जा!"

ट्रक वळणाआड गेला. रुखमाबाई मागं फिरली, तर इंदिराबाई दारातच उभी. टोमणा येणार म्हणून हिनं पदर खोचला. "काऊन गं, काय पाह्यते? हास, हास!"

इंदिराबाई हसली नाही.

"तुले पोराचं तोंड तरी दिसते, रुखमा," ती म्हणाली. "मले माह्याच्या गाडीचा निस्ता मागचा नंबर दिसते."